आवाज बंद करून पाहिलेले चित्रपट

बेटेगावला आमच्या शेजारी राहणारे फिटरकाका चित्रपट आवाज बंद करून पाहायचे. तारापूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते, म्हणून हे नाव. काकींचे कान लग्नानंतर तापात गेले होते. त्या समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायच्या. "तिला ऐकू येत नाय, मग मीच एकटा कशाला ऐकू?" काका म्हणायचे. पडद्यावरचे ओठ वाचून काकी त्यांना संवाद सांगायच्या आणि दोघं एकाच वेळी हसायची.

मोबाइलवर हवा तो चित्रपट मिळत असताना काका ब्लू-रे डिस्कच लावायचे. नेट मंदावलं की मोबाइलवरचे चेहरे धुरकट होत आणि काकींचं वाक्य सुटायचं. डिस्कवर ओठांची कडसुद्धा स्पष्ट दिसायची. बदली झालेल्या एका साहेबांकडून त्यांनी जुना प्लेअर घेतला होता. डिस्कला हात लावण्याआधी ते नखांतलं ग्रीस घासून घासून काढायचे.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी मी मुंबईहून त्यांच्यासाठी मोठ्या हौसेने एक डिस्क आणली. अर्धा चित्रपट झाला तरी काकी गप्पच. मग घाबरून म्हणाल्या, "अवो, एक शब्द कळत नाय. कान गेले, आता डोळे पण गेले काय माझे?"

काकांनी वेष्टन उलटून पाहिलं. चित्रपट हिंदीत डब केलेला होता, ओठ मात्र तमिळ बोलत होते. मला हे सुचलंच नव्हतं. "चुकलं माझं," मी खाली बघत पुटपुटले.

"तोंड वर करून बोल, पोरी," काका म्हणाले. "तिला पण दिसू दे तुझी चूक!"

आम्ही तिघंही हसलो. पण तोंडी परीक्षेला बसले की अजून मला ते वाक्य आठवतं आणि मी मान वर करते.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पालघरच्या दवाखान्यात ते काहीतरी सांगू पाहत होते, पण नुसती घरघर ऐकू यायची. त्यांचा मुलगा विचारून विचारून थकला. वाकड्या ओठांवरून आता काकींनाही काही कळणार नाही, अशी मला भीती वाटली.

काकी स्टूल ओढून समोर बसल्या. काकांनी ओठ हलवले. काकींनी मान हलवली, "परत." काकांनी परत हलवले. मग तिसऱ्यांदा.

"पायावरची चादर काढ म्हणतात," काकी मुलाला म्हणाल्या. "गरम होतंय त्यांना."

चादर काढल्यावर काकांनी शांतपणे डोळे मिटले.

पुढे ते दोनच महिने होते. तेवढे दिवस त्यांचं बोलणं काकीच आम्हाला सांगायच्या.