मोहाखालचं पाळणाघर

रफीकभाऊ भद्रावतीचे. उभी हयात एका संस्थेचे कार्यक्रम सांभाळण्यात गेली, कधी बचत गट, कधी विहिरी, कधी आरोग्य शिबिरं. पण जीव अडकला तो सावली या तालुक्याच्या गावापलीकडच्या एका खेड्यातल्या पाळणाघरात. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि संस्थेनं तिथलं काम आवरतं घेतलं. यंदा मोहाची फुलं गळायला लागल्याचं कानावर आलं, तसा त्यांना एकच घोर लागला. बाया वेचायला गेल्या की पोरांकडे कोण बघणार? वाघाच्या रानात तान्ही लेकरं घेऊन फिरतील? राहवेना. आदल्या दिवशी सावली गावात मुक्काम टाकला आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत गावाची वाट धरली.

चालता चालता हसू फुटलं. काय एकेक पराक्रम केले होते! पहिल्या वर्षी समाजमंदिरात पाळणे टांगले, खेळणी मांडली आणि दारावर वेळ लावली, सकाळी दहा ते पाच. दहाला पाहतात तर बाया भरल्या टोपल्या घेऊन घरी परतताहेत! रुखमाबाई नावाची विधवा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन भाऊ, मोह तुमच्या हापिसाले इचारून गळते का?"

सगळा गाव खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर पहाटेच, थेट मोहाखाली, आणि मानधनावर तीच रुखमाबाई. अहाहा, काय दिवस होते ते! तो गोड घमघमाट, फांद्यांना लुगड्यांचे झोके, आणि संस्थेचे हे साहेब शेंबडी नाकं पुसताहेत. घरी बायको रहमतबी चिडवायची, "आपल्या पोरांना कधी झोका दिला होता का हो?"

रानाच्या कडेला पोचले आणि पाय थबकले. फांदीला झोके होते. खाली म्हातारी रुखमाबाई, मांडीवर दोन पोरं.

"रुखमाबाई, मानधन तर बंद झालं! कसं चालवून राह्यल्या तुमी?"

"माह्या गुडघ्यानं आता वेचनं होत नाई. घरी जाताना हरेक बाई माह्या टोपल्यात ओंजळभर मोह टाकते." ती हसली. "तुमची संस्था बंद झाली, भाऊ. मोह थोडाच बंद झाला?"

रफीकभाऊंचे डोळे भरून आले. गाव आपलं आपण सांभाळेल, असं ते जन्मभर अहवालात लिहीत आले होते. खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाच त्यावर भरवसा नव्हता. आनंद झाला, आणि आपल्यावाचून काही अडलं नाही म्हणून जरा वाईटही वाटलं.

"आता तुमी काऊन रडून राह्यले?" रुखमाबाईनं एक किरकिरं पोर त्यांच्या हाती दिलं. "धरा इले, माय येईपर्यंत."

साहेब चपला काढून मांडी घालून बसले.