दोन गाण्यांच्या मधली जागा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या नेपियर टाऊनच्या कोपऱ्यावर स्कूटरच्या चाकात हवा भरून घेत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन वहिनींच्या शेजारच्या मिश्राजींचा होता. "भाईसाब, ज़रा जल्दी आइए... भाभीजी उठ नहीं रही हैं." एवढंच ते बोलले. बाकीचं त्यांच्या आवाजावरून कळलं. मी फोन खिशात ठेवला आणि हवावाल्याला म्हटलं, "पीछे वाला भी देख लो." त्यानं मागचं चाकही बघितलं, हवा भरली, आणि मी तेवढा वेळ शांतपणे उभा राहिलो. आज सहा आठवडे झाले. त्या दिवसातलं मला लख्ख आठवतं ते एवढंच. पुढं डॉक्टरांना बोलावणं, पुतणीला, मंजिरीला, पुण्याला फोन करणं, दुसऱ्या दिवशी नर्मदेवर ग्वारीघाटाला नेणं... हे सगळं मीच केलं असं लोक सांगतात. केलं असेल. रडू मात्र आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

शालिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वर्ध्याहून लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा मी अकरावीत होतो. आई आधीच गेली होती, त्यामुळे आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझा डबा त्यांच्याकडे आला. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर, बाहेर सगळी हिंदी, आत आमची मराठी, आणि या दोन्हींच्या वर दादाचा आवाज. दादा वीज खात्यात होता आणि हळू बोलणं त्याला येतच नसे. तो भाजीवाल्याशी बोलायला लागला की गल्लीच्या टोकाला कळायचं आज आमच्याकडे काय शिजणार. वहिनी म्हणायच्या, "अहो, मी इथंच उभी आहे, नागपूरला नाही." चार वर्षांपूर्वीच्या थंडीत दादा गेला, आणि घर एकदम गप्प झालं.

दादाचे फोटो भरपूर होते. आवाज मात्र कुठं नव्हता. मोबाइल समोर धरला की तो हात आडवा करायचा, "ठेव ते तिकडं" म्हणायचा, आणि कोणी हट्ट करायचं नाही. राहता राहिली मंजिरीच्या लग्नाची डीव्हीडी. पंधराएक वर्षं ती कपाटात साड्यांच्या खाली होती. दादाच्या वर्षश्राद्धानंतर वहिनींनी ती काढली आणि मला फोन केला. मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवला, त्यामुळे घरात कुणाचंही मशीन रुसलं की फोन मलाच यायचा.

"भाऊजी, हे डीव्हीडी लागून नाही राहिली. टाकली की नुसती घरघर करते आन बाहेर येते. काहून करत असेल असं?"

"धूळ असेल वहिनी. मऊ सुती कापडानं पुसा. गोल गोल नाही, मधून बाहेरच्या कडेकडं. मी रविवारी येतो, बघतो."

त्या रविवारी मी गेलो नाही. माझ्या घरापासून त्यांचं घर स्कूटरवर वीस मिनिटांचं. पुढच्या रविवारीही काहीतरी निघालं. वहिनींनी दादाच्या जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा घेऊन तबकडी पुसली, आणि पुन्हा फोन केला. आता मशीन ती आत घेत होतं, पण चालवायला आपल्याकडे काही नाही असं सांगत होतं. हे मला लगेच कळलं. जावयानं वहिनींच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकून दिलं होतं, आणि नव्या विंडोजमध्ये डीव्हीडी दाखवायची सोय आपोआप येत नाही, वेगळा प्लेअर टाकावा लागतो. फुकट मिळतो. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर घेऊन येतो. दोन आठवडे मी तो पेन ड्राइव्ह शोधला नाही.

वहिनी मग स्वतःच गेटजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. दुकानदार हसला. "माताजी, अब डीव्हीडी कौन देखता है?" वहिनींनी सांगितलं, "हम देखते हैं." त्याच्याकडून कागदावर प्लेअरचं नाव लिहून घेतलं, घरी आल्या, एका बोटानं टाइप करून तो उतरवला. मला नंतर फोनवर सांगत होत्या, "ते विचारून राहिलं होतं, तुमची खात्री आहे का म्हणून. मी हो दाबलं. अशी खात्री कोणाला असते भाऊजी... पण दाबलं."

मी हसलो. विषय संपला असं मला वाटलं होतं. पण संपला नव्हता. लग्न सुरळीत दिसायचं, आणि पंगतीशी आलं की अडकायचं. तिथं तबकडीवर ओरखडा होता. "चौकोन चौकोन होतात. बरोबर तुमच्या दादाचं तोंडच फुटते." मी सांगितलं की अशी जागा पुसून जात नाही, सोडून द्या, बाकीचं तर दिसतंय ना. खरं तर उपाय मला ठाऊक होता. तबकडी चालवत बसायचं नाही. ड्राइव्हचा वेग कमी करून सगळीच्या सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, हळू वाचलं की पुष्कळदा अडलेला भाग निघतो. हे बोलायला फार वेळ लागला नसता. मी त्या वेळी कुठंतरी निघालो होतो. कुठं, ते आता आठवत नाही.

तो उपाय त्यांनी कुठून शोधला कोण जाणे. हिंदीत कोणीतरी समजावलेलं ऐकून ऐकून केलं असावं. मटारचे दिवस होते. मशीन तबकडी वाचतंय आणि वहिनी शेजारी सूप घेऊन मटार सोलतायत, असं दोन-तीन दुपारी चाललं होतं, हे मिश्राजींच्या बायकोनं मला तेराव्याला सांगितलं. एकदा वीज गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

मग एका संध्याकाळी फोन आला. "भाऊजी, आवाज आला."

मी म्हटलं, "अरे वा! स्पीकरची वायर सैल असेल."

"हो," म्हणाल्या, "वायरच असेल." आणि फोन ठेवला.

ते काय होतं ते मला संक्रांतीला कळलं, जेव्हा मी तिळगूळ घ्यायला म्हणून शेवटी एकदाचा गेलो. वहिनींनी मला खुर्ची दिली, स्वतः मागं उभ्या राहिल्या. शूटिंगवाल्यानं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या लग्नावर गाणी चढवली होती. माणसं बोलतायत, हसतायत, भटजींचे ओठ हलतायत, आणि ऐकू काय येतंय तर सनई नाहीतर सिनेमातलं गाणं. सव्वा दोन तास तसंच. फक्त पंगतीच्या जागी एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू व्हायला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात मांडवातला खरा आवाज येतो. बरोबर ओरखड्याच्या जागी. दादा हातात वरणाची बादली घेऊन उभा, बाह्या वर केलेल्या, आणि ओरडतोय, "अरे, ह्या ओळीत मठ्ठा नाही आला! काय करून राहिले रे तुम्ही सारे?" मग पुढचं गाणं लागतं.

वहिनींनी हात पुढं करून ते बंद केलं. मी म्हटलं, पुन्हा लावा. त्या म्हणाल्या, "नाही. दिवसातून एकदाच बघते."

"काहून?"

"सवय होऊन जाईल."

मी काहीतरी बोललो. चित्र स्वच्छ आलंय, असं काही. मग न राहवून म्हटलं, वहिनी, मी आधीच यायला हवं होतं. त्यांनी तिळाची वडी माझ्या बशीत ठेवली. "तुम्ही आले असते तर एका दिवसात झालं असतं. मग मी एवढे महिने काय केलं असतं?" त्या हे सहज बोलल्या की मला माफ करून बोलल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर गल्लीतले लोक आपापल्या तबकड्या घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. कुणाच्या मुलीचा शाळेतला नाच, कुणाचा गृहप्रवेश, कुणाची बरगी धरणाची सहल. वहिनी त्या पुसायच्या, हळू उतरवायच्या, पेन ड्राइव्हवर करून द्यायच्या. दुकानदारसुद्धा आता लोकांना म्हणायचा, पीछे गली में माताजी हैं, उनसे पूछिए.

तेराव्यानंतर मंजिरी आणि मी घर आवरत होतो. कॉम्प्युटरच्या टेबलावर चार तबकड्या होत्या, प्रत्येकीला रबरबँडनं चिठ्ठी लावलेली. नाव, आणि खाली एक ओळ. तीन मी शेजारी पोचवल्या. चौथीवर लिहिलं होतं, "सुधीरभाऊजी. रोहनची मुंज." रोहन माझा मुलगा, तो आता परदेशात असतो. ही तबकडी खराब झाली, फेकून दे, असं मी कधीचंच बायकोला सांगितलं होतं. तिनं मला न विचारता वहिनींकडे दिली होती. चिठ्ठीवर पुढं होतं, "लागते. सुरवातीची चार मिनिटं गेली. बाकी छान आहे."

मंजिरीनं विचारलं, "काका, कम्प्यूटर का क्या करना है?" मी म्हटलं, राहू दे. माझ्या लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नाही. हल्ली कुठल्याच लॅपटॉपला नसते. मंजिरी किल्ली माझ्याकडे देऊन पुण्याला गेली.

गेल्या रविवारी मी गेलो. खिडकी उघडली, मशीन चालू केलं, ते सुरू व्हायला बराच वेळ लागला, तोवर बसून राहिलो. मग मुंज लावली. या शूटिंगवाल्यानं गाणी चढवली नव्हती, सगळे आवाज जसेच्या तसे. मी वहिनींना शोधत होतो. मातृभोजनात नाहीत, भिक्षावळीत नाहीत, फोटोला सगळे उभे राहिले त्यातही नाहीत. बावन्नाव्या मिनिटाला एकदा दिसतात, पाठमोऱ्या, पदर खोचलेला, हातात रिकाम्या ताटांची चळत. कोणीतरी हाक मारतं, "वहिनी, अजून ताटं लागतील हो! लवकर!" त्या मान हलवतात, वळत नाहीत, तशाच आत जातात, आणि दार हलत राहतं.

हाक मारणारा दिसत नाही. आवाज माझा आहे.