लेखीला अर्धं वजन

पन्नाशी ओलांडल्यावर मी नौपाड्यातल्या एका कॉलेजात आहारशास्त्राच्या वर्षभराच्या डिप्लोमाला नाव घातलं. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेली, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि वर्तकनगरच्या घरात मी आणि सासरे एकमेकांना चहा विचारत बसलेलो. वर्गात बाकी सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मॅडम आल्या!

वर्षभर मी मन लावून केलं. असाइनमेंटमध्ये शंभरपैकी नव्वद, प्रॅक्टिकलला ऐंशी. प्रॅक्टिकल म्हणजे पथ्याचा स्वयंपाक, तो तर रोजचाच. उरला लेखी पेपर. तीन तास बसून लिहायची सवय कधीच सुटली होती.

सासरे आयुष्यभर एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. त्यांच्या आकडेमोडीवर घरात कोणी शंका घेत नसे. मी मार्क सांगितले, तर डोळे मिटून म्हणाले, "नव्वद आणि ऐंशी, एकशे सत्तर. लेखीत चाळीस मिळाले तरी दोनशे दहा. भागिले तीन, सत्तर. डिस्टिंक्शन सत्तरलाच ना? अगं, मग नुसती पास हो की!"

मला इतकं हलकं वाटलं, की पुस्तकं मिटून मी डोंबिवलीला नणंदेकडे राहायला गेले.

परत आल्यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये मानपाड्याहून येणारी माझी मैत्रीण भेटली. मैत्रीण म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिला मी मोठ्या खुशीत हा हिशेब सांगितला. तिचा चमचा हातातच राहिला.

"काकू, असं नसतं ते! असाइनमेंटला वीस टक्के वजन आहे, प्रॅक्टिकलला तीस आणि लेखीला पन्नास." तिने टिश्यू पेपरवर पेन चालवलं. "नव्वदचे वीस टक्के अठरा. ऐंशीचे तीस टक्के चोवीस. झाले बेचाळीस. लेखीत चाळीस पडले, तर त्याचे अर्धे वीस. टोटल बासष्ट."

"म्हणजे माझ्या नव्वदचे अठराच?"

"अठराच. वरणात डाळ आणि हिंग सारखंच घालता का तुम्ही? सत्तर हवेत तर अजून अठ्ठावीस लागणार. म्हणजे लेखीत छप्पन्न."

माझा चहा तसाच राहिला.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने सगळं पुन्हा मांडून बघितलं. मग म्हणाले, "हे वजन-बिजन कोणी ठरवलं?"

"कॉलेजने. पहिल्याच दिवशी सांगितलेलं म्हणे."

"मग तू ऐकलं नाहीस?"

"बाबा, पहिल्या दिवशी मी बसायला जागा शोधत होते."

चुकलो असं काही ते म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून टीव्ही बंद आणि दुपारचा चहा त्यांच्या हातचा. चहा पाणचट असायचा, पण आयता. मग माझं पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारायचे. त्यांना स्वतःला मधुमेह, त्यामुळे त्या धड्यावर आमची गाडी अडायची.

"आंबा अजिबात नाही? एक फोडसुद्धा?"

"फोड चालते. वाटीभर आमरस नाही."

"कुठल्या पानावर लिहिलंय, दाखव."

दाखवलं की चष्मा वर करून स्वतः वाचायचे, आणि तरी वाद घालायचे. त्या भांडणांत धडा मला पाठ झाला.

पेपरात नेमका मोठा प्रश्न आला: सत्तरीच्या मधुमेही पुरुषाचा दिवसभराचा आहार आखा. मी मान खाली घालून सासऱ्यांचा अख्खा दिवस लिहून काढला, सकाळच्या बिस्किटापासून रात्री चोरून खाल्लेल्या चिक्कीपर्यंत, आणि प्रत्येकाला पर्याय. तीन तास कमी पडले.

लेखीत एकसष्ट मिळाले. निकाल बघून बेरीज मी माझी मीच केली: साडेतीस आणि बेचाळीस, साडेबहात्तर. कॉलेजच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला.

"साडेबहात्तर? वजनं धरून ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"धरून."

"शाब्बास," म्हणाले.

मैत्रिणीला फर्स्ट क्लास मिळाला होता. आहारशास्त्रात नुकत्याच पास झालेल्या आम्ही दोघी मग समोरच्या गाडीवर गेलो आणि जादा चटणी मागून गरमागरम वडे खाल्ले.