भाच्याचा शर्ट

वरच्या रिकाम्या खोलीच्या गॅलरीत मी माझाच शर्ट वाळत घातलाय. परवा सत्तरीचे एक गृहस्थ ती खोली भाड्याने मागायला आले होते.

‘सोबत कोण?’ मी विचारलं.

‘मी आणि माझा रेडिओ.’

एकटा म्हातारा, आत काही झालं तर? घाबरून मी ठोकून दिलं, ‘भाचा यायचाय राहायला.’ ते रोज इथूनच फिरायला जातात, म्हणून हा शर्ट.

‘भाच्याला जेवायला बोलवा की,’ बायको म्हणते.

आज ते खाली थांबून हसले, ‘आला वाटतं! बरं झालं, तुम्हाला सोबत झाली.’

म्हातारपणाला मी खोली नाकारली खरी, पण ते काय विचारून येणार आहे? वाऱ्याने रिकाम्या बाह्या हलतात नि मी दचकतो. शर्ट माझ्याच मापाचा आहे.