विलायतेला नेलेलं कीर्तन

ईस्टरच्या दिवसांत इंग्लंडमधल्या एखाद्या विद्यापीठात प्रभूची वार्ता सांगायला जायचा कुणाचा बेत असेल, तर आधीच सांगते: तिथे तेव्हा कुणी नसतं. सगळे सुट्टीला घरी गेलेले असतात. आम्हाला हे पोचल्यावर कळलं. सुरतेत ईस्टर म्हणजे ऐन परीक्षेचे दिवस, तेव्हा विद्यापीठ बंद असेल अशी शंका कुणाला येणार?

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बी.एस्सी.ला होते आणि ख्रिस्ती विद्यार्थी मंडळात पेटी वाजवायचे. तिकडच्या एका विद्यापीठातल्या मंडळाचं बोलावणं आलं, की दोन माणसं पाठवा, भारतीय संगीत हवंय. आमच्याकडे संगीत म्हणजे माझे वडील, आबा. मूळचे नवापूरकडचे, सुरतेत पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर बारा तास उभे राहणारे, आणि दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वस्तीत ख्रिस्ताच्या मरणाचं कीर्तन करणारे. वस्तीत ख्रिस्ती घरं मूठभर, पण कीर्तनाला पोटासाठी सुरतेला आलेला सगळा खानदेश लोटायचा. शेजारच्या रखमामावशीच्या देव्हाऱ्यात सप्तशृंगी होती, तरी पहिल्या रांगेतली जागा तिने कधी सोडली नाही.

या कीर्तनाची एक रीत होती. वधस्तंभावर प्रभूने प्राण सोडला की आबा गप्प व्हायचे, पेटीही थांबायची. पुढचं गाणं त्यांनी सुरू करायचं नाही. श्रोत्यांतून कुणीतरी धृपद उचलायचं, तेव्हाच प्रभू उठण्याची कथा सुरू व्हायची. तोवर वीणा गळ्यातच. आणि एक कीर्तन पुरं केल्याशिवाय दुसरं उभं करायचं नाही. धृपद दरवर्षी रखमामावशीच उचलायची, तेही बेसूर.

त्या वर्षी वस्तीला कीर्तन मिळणार नव्हतं, म्हणून आबा अवघडले होते. मावशीनेच त्यांना मोकळं केलं.

"जाय भाऊ," ती म्हणाली. "पन पुरं करीसनी ये."

सुरतेहून मुंबई गाडीने, पुढे विमान, आणि लंडनहून उत्तरेकडे बस. तिकिटं यजमानांची होती. जाणाऱ्यांनी कानटोपी आणि लसणाची चटणी न्यावीच. एप्रिलमध्येही तिथला वारा हाडं फोडतो, आणि दुपारचं जेवण म्हणजे गार पावात गार काकडी. बसच्या खिडकीतून हिरवी कुरणं, मेंढ्या आणि दगडी चर्चं दिसत होती. आबा प्रत्येक चर्चला हात जोडत होते. इतकी चर्चं, म्हणजे कीर्तनाला जागा पुरणार नाही, असा त्यांचा हिशेब.

विद्यापीठात कबुतरं होती. डेव्हिड नावाचा यजमान मंडळाचा प्रमुख, गोड बोलणारा. मी विचारलं, मुलं कुठे आहेत? तो म्हणाला, सगळी घरी गेली, पण परदेशी मुलं वसतिगृहात एकटी पडतात, हीच तर आपली संधी. दारावर पाटी होती: मोफत भारतीय जेवण. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भारतातली पोरं पकडायला भारतातून माणसं आणवली होती. आम्ही गळाला लावलेलं आमिष होतो, आणि आबा खुशीत वीणा पुसत बसले होते.

शुक्रवारी दुपारी वीसेक मुलं जमली. त्यातला जिग्नेश आमच्या पर्वत पाटियाचाच निघाला, कापडवाल्याचा मुलगा. मला म्हणाला, "सुरतथी आव्या? जमवानुं क्यारे मळशे?" जेवण कधी, एवढीच त्याची चौकशी. मला त्याचा राग आला नाही. तो निदान खरं बोलत होता.

गप्प राहण्याची रीत मी सकाळीच डेव्हिडला समजावून सांगितली होती. किती सुंदर, असं तो म्हणाला होता. आबांनी मुलांसाठी धृपद सोप्या हिंदीत बांधलं आणि सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. कथा आबांनी हिंदीत सांगितली, गोऱ्यांसाठी मी इंग्रजीत. बागेतली अटक, शिष्य पेत्राचा नकार, आईचं रडणं... जिग्नेशचं घड्याळाकडे बघणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. मग प्रभूने प्राण सोडला. आबा गप्प झाले. मी पेटीवरून हात काढले.

जिग्नेशने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. आणि तेवढ्यात डेव्हिड टाळ्या वाजवत उठला.

मग सगळ्यांनीच वाजवल्या. अजून संपलं नाही, असं मी दोनदा म्हटलं. माईक त्याच्या हातात होता. ज्यांना प्रभूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा, तो म्हणत होता. शेजारून भाताचा वास येत होता. मुलं उठली. आबा तसेच उभे, डोळे मिटलेले, अजून वाट बघत होते. एक प्रेमळ बाई आली आणि म्हातारा दमला असेल म्हणून तिने त्यांच्या गळ्यातली वीणा हलकेच उतरवून भिंतीला टेकवली. इतक्या मायेने केलेला अपमान मी पुन्हा पाहिला नाही.

रविवारी पहाटेच्या उपासनेला आम्ही टेकडीवर गेलो. सगळे 'प्रभू उठला आहे' म्हणून एकमेकांना मिठ्या मारत होते. आबा माझ्या कानात म्हणाले, "आपल्याकडे अजून नाही उठला." शुक्रवारचं जेवण चांगलं होतं, हेही लिहायला हवं. मुलांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सुरतेत उतरलो तेव्हा गरम वाऱ्याची लू चालू होती. रखमामावशी दारातच बसली होती. तिने एवढंच विचारलं, "पुरं करं ना भाऊ?"

आबांनी मान हलवली. नाही.

पुढल्या उत्तम शुक्रवारी ती नेहमीसारखी लुगडं बदलून आली. आबा लूमवर जायला निघाले होते. ती म्हणाली, "मी म्हनस ना धृपद. तू नुसता उभा ऱ्हाय."

"मावशी, अर्धं तठेच ऱ्हायनं," आबा म्हणाले. "ते टाकीसनी दुसरं कसं उभं करू?"

आणि ते पाळीवर गेले. मावशी तरी बराच वेळ आमच्या ओट्यावर बसून राहिली. त्यानंतर आमच्या वस्तीत उत्तम शुक्रवारचं कीर्तन झालं नाही. तिकडच्या मंडळाने मात्र पुढल्या वर्षीही बोलावलं. कार्यक्रम फार यशस्वी झाला होता म्हणे.