बहिरी पांढरी
ओल्या धोतराचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात आम्ही बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत राहायचो. तिथल्या कुत्रीला चार पिल्लं झाली. तीन काळीपांढरी, चौथी नखशिखांत पांढरी. कितीही हाका मारा, ती वळायची नाही. एका सकाळी शेजारचे गुरुजी बालाजी घाटावरून स्नान करून ओल्या धोतरात येत होते आणि ती वाटेत आडवी झोपली होती. “हट! अगं हट, सुनाई देत नाही का?” शिवलो तर पुन्हा अंघोळ, म्हणून ते खेकसत होते. माझे बाबा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे. खिडकीतून बघत म्हणाले, “रंगाच्या पेशी कानाच्या आतपर्यंत पोहोचल्या नाहीत, की असं पांढरं पिल्लू बहिरं निघतं.” “मग सांगा ना त्यांना!” मी ओरडले. “गुरुजींना आपण काय शिकवायचं?” म्हणत त्यांनी खिडकी लावली. बाहेर गुरुजींच्या हातातला भरलेला तांब्या तिच्या डोक्यात बसल्याचा आवाज मी ऐकला. संध्याकाळी ती मेली. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा खुशीत म्हणाले, “आज वर्गात तिचंच उदाहरण दिलं, पोरांना चटकन समजलं.” आता तोच धडा मी शिकवते. गुरुजींना मी केव्हाच माफ केलं. त्यांना निदान माहीत नव्हतं.