ताईच्या मनगटातला दोष

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाक्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर मागे दुसरं कुणी उभं आहे का ते तो वळून बघेल. सगळे त्याला 'शंभर टक्के' म्हणतात. त्याची बायकोसुद्धा. गाडी अजून रस्त्यापलीकडे असते तोवर हा फडक्याला हात पुसत ओरडतो, "प्लग! शंभर टक्के प्लग!" प्लग बदलूनही गाडी तशीच खोकत राहिली की, "मग फिल्टर. शंभर टक्के." एकाच्या गाडीत त्याने एका दुपारी चारशे टक्के दोष शोधून दिले होते आणि त्यातले शेवटचे शंभर खरे निघाले. गिऱ्हाइकं टिकून आहेत ती त्या शेवटच्या शंभरावर. तिथवर पोचल्याशिवाय तो गाडी सोडत नाही, हे त्याच्यावर तोंडसुख घेणारेही मान्य करतात.

फक्त एकदा तो तिथवर गेला नाही, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

ताई त्याच्याहून मोठी. छोट्याचं पोट आता छोट्याच्या आधी दुकानाबाहेर येतं, तरी ती त्याला 'छोट्या' म्हणते. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे, हे तिचं काम. मागच्या सीटला थंड पेटी बांधलेली, खाली जुनी लाल टू-स्ट्रोक मोटरसायकल. तिची ती फटफट कोपऱ्यावर ऐकू आली की उपाशीपोटी बसलेली मंडळी बाह्या वर सारू लागतात. ताईचा हात हलका. सुई कधी गेली आणि कधी निघाली ते कळत नाही, म्हणून घाबरट माणसं "त्याच बाईंना पाठवा" असं फोनवर बजावतात. त्या हाताचा तिला फार अभिमान होता.

उन्हाळ्यात तिने गाडी छोट्याकडे कार्बोरेटर धुवायला टाकली. धुण्याची त्याची पद्धत ठरलेली. बायकोने टाकून दिलेल्या परातीत पेट्रोल ओतायचं आणि दुकानात जितके कार्बोरेटर उघडलेले असतील तितक्या सगळ्यांचे सुटे भाग त्यात आंघोळीला सोडायचे.

"अहो, दोन घरांची धुणी एका बादलीत भिजवू नयेत," बायको गल्ल्यावरून म्हणायची.

"आई आपली पोरं विसरते का? मला प्रत्येक भाग ओळखू येतो. शंभर टक्के."

"शाळेतून पोराला आणायला तुम्हीच विसरला होता."

"ते पोर होतं. हा कार्बोरेटर आहे."

थोड्याच दिवसांत ताई दुकानात हजर. "छोट्या, तुझ्याकडे धुवायला टाकल्यापासून हिला काहीतरी झालंय. चौकात सिग्नल सुटला की मी रेस देते आणि ही दमच खाते. एक क्षण अशी गप्प होते, जणू रुसलीय. मग एकदम उधळते. मागून ट्रकवाला भोंगा वाजवतो. पेटीत लोकांचं रक्त आणि इकडे माझं पाणी पाणी!"

अशी मधेच दम खाणारी गाडी म्हणजे मिस्त्रीची परीक्षाच. उभ्याने छान चालते, वेगात छान पळते. दोन्हींच्या मधे, मूठ पिळण्याच्या पहिल्या बोटभर अंतरात, कुठेतरी खड्डा असतो. छोट्याने प्लग बदलला, फिल्टर झटकला, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढली. रबरी नळी कुठून हवा ओढतेय का, ते ऑइलचे थेंब सोडून पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून गाणं ऐकल्यासारखी मान डोलावली. शेवटी स्वतः एक चक्कर मारून आला. आता त्याचा हात पडला मुरलेल्या मिस्त्रीचा. गाडी कुठे अडणार हे त्याच्या बोटांना आधीच कळतं आणि ती न विचारता रेस सांभाळून घेतात. त्याच्या हाताखाली गाडी शहाण्यासारखी चालली.

"गाडीत काही नाही," तो उतरून म्हणाला. "दोष तुझ्या मनगटात आहे, ताई. एकदम पिळतेस."

"अरे, इतकी वर्षं हेच मनगट आहे!"

"वय झालं की हात जड होतो. शंभर टक्के."

गल्ल्यावरच्या बायकोच्या भुवया वर गेल्या. उजवा हात ताईने एकदा उलटसुलट करून पाहिला आणि ती निघून गेली.

त्यानंतर ती मूठ अशी हळू पिळायला लागली, जणू झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार उघडतेय. चौकात सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मग निघायची. नमुने उशिरा पोचू लागले, साहेब कुरकुरू लागले. आणि मग एका घरी तिला शीर पहिल्या खेपेला सापडली नाही. कुणालाही होतं असं. पण तिने हाताकडे पाहिलं. पावसाळा सरता सरता छोट्याला फोन आला. "सोमवारपासून मी प्रयोगशाळेत काउंटरवर बसणार. साहेबांना सांगून टाकलंय. गाडीला गिऱ्हाईक बघ. तू म्हणालास तेच खरं, हात जड झालाय माझा."

"बघतो," छोट्या म्हणाला, आणि त्याला कसंसंच झालं. का, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

त्याच आठवड्यात अंडीवाले काका आले. त्यांची गाडीही टू-स्ट्रोकच, पण ती उन्हाळ्यात इथे धुऊन नेल्यापासून धूर ओकत होती. छोट्याने बघितल्याबरोबर निकाल दिला होता, "पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घालताय. शंभर टक्के."

"कमी केलं, तरी धूर आहेच," काका कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "म्हणून आणखी कमी केलं. आता नुसतं वासापुरतं घालतो!"

छोट्याने त्यांना आधी गाडीवरून उतरवलं. टू-स्ट्रोकला ऑइल नाही म्हणजे पिस्टन आज ना उद्या भर रस्त्यात जाम होणार, आणि काका अंड्यांसकट आडवे होणार. त्याने घाईघाईने कार्बोरेटर उघडला आणि आतली स्लाइड बाहेर काढली. रेस दिली की हे बोटाएवढं नळकांडं वर सरकतं. त्याच्या खालच्या कडेला तिरका काप असतो, प्रत्येक गाडीला आपापल्या मापाचा. काप मोठा पडला तर सुरुवातीला हवा जास्त जाते आणि गाडी दम खाते. लहान पडला तर पेट्रोल जास्त जातं आणि धूर होतो.

हातातल्या स्लाइडवर एक बारीक ओरखडा होता. कधीतरी वाळूचा कण अडकला होता, तो काढताना त्यानेच पाडलेला. ताईच्या गाडीत.

म्हणजे एका परातीत दोन घरांची धुणी. आणि दोन्ही घरांना त्याने वर बोल लावले होते.

"ऑइल पहिल्यासारखं घाला," तो कसाबसा म्हणाला. "गाडी इथेच राहू दे, उद्या देतो."

"पण तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो असेन."

संध्याकाळी 'चेन बघतो' असं सांगून तो ताईच्या दारात बसला आणि तिची स्लाइड तिच्या गाडीत बसवली. काकांची काकांच्या गाडीत गेली आणि गाडी रात्रीच त्यांच्या दारात पोचवली. कुणाला काही कळलं नाही. जेवताना बायको म्हणाली, "आज इतके गप्प?"

"काही नाही."

"शंभर टक्के?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान बायकोवर सोडून चौकात जाऊन उभा राहिला. ताई एकदा रेस देईल, गाडी सुटेल, तिचा चेहरा फुलेल, सोमवारचं काउंटर बारगळेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा हिशेब. सिग्नल सुटला. ताईने दोन्ही पाय जमिनीला लावले आणि बदकासारखी चालत चालत गाडी पुढे ढकलली. रेस दिली असेल-नसेल. डावीउजवीकडून सगळे भोंगे वाजवत गेले. गाडी ठणठणीत होती. दम आता ताई खात होती. आणि ते काही स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येणार नव्हतं.

तो पोट सांभाळत धावला आणि पलीकडच्या फुटपाथशी तिला गाठलं.

"आता काय चुकलं माझं?" ताईने विचारलं.

त्या 'आता'ने त्याचा उरलासुरला धीर गेला. "तुझं काही नाही, ताई. तुझा हात चांगला आहे. पहिल्यापासून होता. धुताना मीच दोन गाड्यांच्या स्लाइड अदलाबदल केल्या."

"आणि हे कळलं कधी?"

"काल."

"काल तर तू चेन बघायला आला होतास."

छोट्याने हात पुसायला फडकं शोधलं, ते दुकानात राहिलं होतं.

"हात पुढे कर," ताई म्हणाली. त्याने केला. तिने कोपरापाशी अंगठ्याने चाचपून पाहिलं. "शीर तर ठळक आहे. मग अक्कल कुठे अडकते रे? मी परक्या माणसाला सुई टोचतानाही सांगते, दुखलं तर बोला. मी तर तुला येऊन बोलले होते."

"चूक माझी. शंभर—"

"तो शब्द काढलास तर इथेच टोचीन. बस मागे."

"मागे पेटी आहे."

"मांडीवर घे."

तिने गाडी वळवून चौकाच्या अलीकडे आणली, मुद्दाम पुन्हा लाल दिवा लागेपर्यंत थांबली. पेटी कवटाळून छोट्याने डोळे मिटले. दिवा बदलला. ताईचं मनगट एकदम फिरलं, गाडीने उडी घेतली आणि ट्रकवाल्याचा भोंगा बराच मागे राहिला. ती मोठ्याने काहीतरी ओरडली. शिवी असावी, पण आवाज आनंदाचा होता.

प्रयोगशाळेच्या दाराशी तिने त्याच्या मांडीवरची पेटी उचलली. "साहेबांना सांगते, सोमवारी काउंटरला दुसरं कुणीतरी बघा. मला पुढे अजून घरं आहेत. तू चालत जा."

"ताई, रागावलीस?"

"हो. आणि इतक्यात जाणार नाही."

तो चालत निघाला. अर्ध्या वाटेवर मागून अंडीवाले काका आले. गाडी आणून दिल्यापासून धुराचा पत्ता नव्हता. "बसा मिस्त्री, सोडतो! तुमचं पहिलं ऐकून ऑइल कमीच ठेवलं, म्हणूनच सुधारली हो गाडी!" काका खुशीत म्हणाले.

छोट्याचा एक पाय मागच्या सीटवर जातच होता. त्याने तो परत खाली घेतला.

"काका, आधी गाडी बंद करा," तो म्हणाला. "तुम्हालाही काही सांगायचंय."